डाव्या बाजूची हरकत

पाथरीच्या एस.टी. स्टँडसमोर माझं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. त्या काळात तालुक्याचा तहसीलदार कोण हे कुणाला माहीत नसे, पण माझ्या दुकानात लाइट आहे की गेली हे पार मानवतपर्यंत माहीत असे. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. उन्हाळ्यात शटरला हात लावला तर हाताचा ठसा शटरवर नाही, शटरचा ठसा हातावर उमटायचा. आत तीन टीव्ही. एक रंगीत आणि दोन जवळजवळ रंगीत. जवळजवळ म्हणजे काळ्यापांढऱ्या टीव्हीवर मी निळ्या-हिरव्या प्लास्टिकची काच बसवली होती. आभाळ निळं आणि जमीन हिरवी दिसायची, माणूस मात्र डोक्यापासून कमरेपर्यंत निळा. कुणी तक्रार केली की मी सांगायचो, जपानात माणसं अशीच असतात. कुणी जपानला जाऊन आलेलं नव्हतं, त्यामुळं धंदा सुरळीत होता.

आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. पोरं रस्त्यानं चालता चालता खेळतात. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावून बघतो. बघण्यासारखं एकच असतं माझ्यासाठी. यांच्या खेळातल्या माणसाला मागं जाता येतं का? येतं. सगळ्या खेळांत येतं म्हणे आता. अशा वेळी मला धापसे गुरुजींची आठवण होते आणि दिवसभर कुठल्या कामात लक्ष लागत नाही.

गंगाराम धापसे, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. उंची बेताची, आवाज दीड माणसाचा. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी खडू. खडूनं खिसा पांढरा व्हायचा आणि तो दिसू नये म्हणून ते शर्टही पांढरेच शिवायचे, असं सलीम टेलर सांगे. शर्ट तोच शिवत असल्यामुळं विश्वास ठेवणं भाग होतं. बसण्याआधी गुरुजी रुमालानं स्टूल झटकायचे, मग तोच रुमाल घडी करून गुडघ्यावर ठेवायचे. आणि एखादी गोष्ट पटली नाही की खाकरून, उजव्या हाताचं एक बोट वर करून म्हणायचे, "माझी हरकत हाय."

हरकत त्यांना कशाचीही असे. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी फळ्यावर चुकीची बेरीज केली, तर साहेबांना हरकत. लग्नात मंगलाष्टकं फार लांबली, तर वाजंत्र्यांच्या वतीनं हरकत. एकदा परभणीची गाडी त्यांना न घेताच निघाली. गुरुजी धावले नाहीत. जागेवर उभं राहून बोट वर केलं आणि म्हणाले, "माझी हरकत हाय." आवाज असा गेला की ड्रायव्हरचा पाय आपसूक ब्रेकवर पडला आणि मागच्या सीटवरच्या म्हातारीच्या मांडीवरचं गाठोडं पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर गेलं. त्या दोघांची पुढं सोयरीक जमली, असं मी बऱ्याच लोकांना सांगितलेलं आहे.

तर असा माणूस माझ्या पार्लरमध्ये आला तो खेळायला नाही, थैलीसाठी.

थैलीची गोष्ट सांगितली पाहिजे. गुरुजींचं गाव गोदावरीच्या काठी, पाथरीहून एस.टी.नं तासाभराच्या अंतरावर. गावाचं नाव मी सांगत नाही. नावावरून आपल्याकडं काय काय झालंय ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या गावात गुरुजींचे थोरले भाऊ राहायचे, सटवाजी. गुरुजी त्यांना दादा म्हणत. दर बाजाराच्या दिवशी दादा फाट्यावर येऊन काशिनाथ कंडक्टरच्या हातात एक खाकी थैली द्यायचे. थैली काशिनाथच्याच फाटक्या पँटीची, सलीमनं शिवलेली. काशिनाथ ती माझ्या दुकानात ठेवायचा आणि गुरुजी शाळा सुटली की घेऊन जायचे. पार्लरच्या आधी तिथं माझा कॅरम क्लब होता, तेव्हापासूनची ही पद्धत. थैलीत हंगाम असे: संक्रांतीच्या पुढंमागं बोरं, थंडीत हुरडा, कधी अंबाडीची जुडी, कधी तुरीच्या शेंगा. आमच्याकडं घरचं भांडं रिकामं परत करत नाहीत. म्हणून पुढच्या फेरीला तीच थैली गुरुजींकडून भरून जायची, चहापत्ती, साखर, गुडघ्याला लावायचं तेल असं काहीबाही.

थैलीबरोबर निरोप असे. काशिनाथ तो दादांच्या आवाजात सांगायचा. असा हुबेहूब की तिकीट फाडायचं सोडून हा नाटकात का गेला नाही, असं वाटावं.

"गंग्याला म्हनावं, पांढऱ्या गाईला कालवड झाली. बघायला ये."

गुरुजी थैली खांद्याला लावत म्हणायचे, "दादाला म्हनावं, कालवड घेऊन तूच पाथरीला ये."

"गंग्याला म्हनावं, मी येत नसतो."

"दादाला म्हनावं, मग मी बी न्हाई."

हे असं कित्येक वर्षं. बाकीच्या गावाला वाटे, भावाभावांचं शेतीवरून बिनसलंय. मलाही तसंच वाटायचं. पण भांडलेली माणसं एकमेकांना निवडून निवडून बोरं पाठवत नाहीत. त्यात एकही किडकं नसायचं. मी खाऊन बघितलेली आहेत, गुरुजी यायच्या आत.

नव्वदच्या आसपास मी कॅरम काढून टीव्ही बसवले. हैदराबादहून कॅसेट आणल्या. त्यात एक खेळ होता, ज्यानं पाथरीला वेड लावलं. कॅसेटवरचं सगळं जपानीत, म्हणून नाव आम्हीच ठेवलं, पळपुट्या. पाठीवर गाठोडं घेतलेला एक बुटका माणूस. सुरुवातीला तो एका घरासमोर उभा असतो. लाल कौलं, हिरवं दार. टीव्हीला जोडलेली खेळायची दांडी उजवीकडं ढकलली की तो पळायला लागतो. वाटेत खड्डे, काटेरी डुकरं, डोंगरावरून घरंगळणारे दगड. कोपऱ्यात घड्याळ उलटं चालतं. माणसाला तीन जीव. पडद्यावर दिसतं त्यात जे डाव्या कडेपलीकडं गेलं, ते गेलं.

या खेळात सलीम टेलरची बरोबरी करणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. त्याच्या अंगठ्याला असा घट्टा पडला होता की सुई टोचली तर सुई वाकायची. तो खेळायला बसला की स्टँडवरच्या गाड्या उशिरा सुटायच्या, कारण ड्रायव्हर माझ्या दुकानात.

एका बाजाराच्या दिवशी गुरुजी थैली घ्यायला आले. त्यांना बघून शाळेची पोरं टेबलाखाली गेली. गुरुजी म्हणाले, "वर या रे. हितं मी मास्तर न्हाई." आणि त्यांचं लक्ष टीव्हीकडं गेलं. सलीम नुकताच नवा डाव सुरू करत होता. पळपुट्या पळाला, घर डाव्या बाजूनं सरकत सरकत नाहीसं झालं.

"ते घर कुठं गेलं?" गुरुजींनी विचारलं.

"पीछे रह गया, गुरुजी," सलीम म्हणाला.

"मग माघारी ने की त्याला."

"माघारी नै जाता येत."

गुरुजींनी रुमालानं स्टूल झटकलं आणि सलीमच्या हातातून दांडी घेतली. सलीमच्या हातातून दांडी घेणं म्हणजे वाघाच्या ताटातून उचलणं. पण गुरुजी त्याचे जुने गिऱ्हाईक, त्यानं दांडी सोडली. गुरुजींनी दांडी डावीकडं ढकलली. पळपुट्या वळला, पळत पळत पडद्याच्या कडेपर्यंत गेला आणि तिथं अडकला. पाय चालतायत, गाठोडं हलतंय, माणूस जागच्या जागी. गुरुजींनी दांडी सोडली नाही. घड्याळ उतरत उतरत शून्यावर आलं आणि पळपुट्या त्या न दिसणाऱ्या भिंतीपाशी आडवा झाला. पुन्हा उभा राहिला. गुरुजींनी थोडा पुढं नेऊन पुन्हा डावीकडं ढकलला. असे तीनही जीव भिंतीपाशी गेले. पोरं पोट धरून हसत होती.

गुरुजींनी बोट वर केलं. "माझी हरकत हाय."

त्या दिवसापासून गुरुजी दर बाजाराला थैलीच्या निमित्तानं येऊन एक डाव खेळू लागले. खेळू लागले म्हणजे हरू लागले. पाथरीच्या इतिहासात इतकं वाईट कुणी खेळलं नसेल. काटेरी डुकराला उडी मारून चिरडायचं असतं. गुरुजी त्याला वाट करून द्यायचे. डुक्कर यांना मारून निघून जायचं. पळपुट्यानं वाटेतली फळं गोळा केली की गुण मिळतात. गुरुजी फळं सोडून द्यायचे. सलीम कपाळावर हात मारायचा.

पण हरकती थांबल्या नाहीत. पब्लिकला आवडेल अशी त्यातली एकही नव्हती. घड्याळाला हरकत: "ह्याला कोनती गाडी गाठायचीय? शेवटची एस.टी. हाय का?" गुणांना हरकत, आणि ती एका मास्तरची: "डुक्कर मारलं तरी शंभर, फळ उचललं तरी शंभर. असा पेपर मी तपासला तर पालक मला मारतील." तीन जिवांना तर फारच. सगळ्या दुनियेला वाटायचं, जीव पाचदहा असावेत. गुरुजींचं म्हणणं, एकच असावा. सलीम म्हणाला, "गुरुजी, एकच जीव दिला तर सेठचं दुकान बुडंल." मीही जोरानं मान हलवली. गुरुजी म्हणाले, "तीन जीव देता म्हंजी मेहेरबानी करता का? एकाच मान्साला तीनदा मारायलाव तुमी."

पोरांनी त्यांचं नाव ठेवलं, हरकत गुरुजी. शाळेतही गेलं ते. गुरुजींना कळलं तेव्हा म्हणाले, ह्याला हरकत न्हाई.

मुख्य हरकत डाव्या बाजूची. त्यावर सलीमचं आणि त्यांचं जुंपायचं. सलीमचं म्हणणं सरळ होतं. मागं फळ नाही, डुक्कर नाही, गुण नाही. "कायको जाना पीछे? पीछे कुछ नै है."

"घर हाय की," गुरुजी म्हणायचे.

"घर में क्या है?"

यावर गुरुजी रुमाल खिशात घालायचे. थैली उचलून निघायचे.

हैदराबादहून कॅसेट विकणारा एक माणूस वर्षातून दोनदा सुटकेस घेऊन यायचा. सफारी, सोनेरी चष्मा, अंगाला अत्तर असं की सुटकेस उघडायच्या आधी दुकान उघडल्यासारखं वाटे. एकदा तो आला आणि नेमके गुरुजी बसलेले. मी मस्करीत म्हटलं, "गुरुजी, हे कंपनीचे." झालं. गुरुजींनी स्टूल ओढलं, रुमाल गुडघ्यावर घेतला आणि त्या बिचाऱ्याची अशी उलटतपासणी केली की निजामाच्या काळात वकील असते तर जहागीर मिळाली असती. घड्याळ का? जीव तीन का? आणि मागं जायची सोय का ठेवली नाही?

त्या माणसानं सुटायचा लय प्रयत्न केला. शेवटी घाम पुसत म्हणाला, "मास्टरसाब, अपनी मशीन छोटी है. इत्ता सब याद नै रख सकती. पीछे का मिटाई, तबीच आगे का दिखाती."

दुकानात सगळ्यांना ते पटलं. सलीमनं तर टाळीसाठी हात पुढं केला. गुरुजी मात्र पडद्याकडं वळले.

"मागचं पुसलं तरच पुढचं दिसतं, असं म्हनताव?"

"हौ, साब."

"मग मशीन कमी पडली असं म्हना. खेळ बरोबर हाय असं म्हनू नका."

आणि त्या दिवशी ते थैली विसरून गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी ती त्यांच्या घरी पोचवली. दारात उभं राहून त्यांनी ती घेतली, थँक्यू म्हणाले, पाणी विचारलं.

या हरकतीचं मूळ मला कळलं ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. भर दुपारी लाइट गेली. पोरं पांगली. दुकानात मी, सलीम, गुरुजी आणि थैली. थैलीबरोबर त्या दिवशी दादांचा निरोप होता: घराला नवीन दार बसवलंय, रंग दिलाय, बघायला ये. गुरुजींनी काशिनाथला विचारलं होतं, रंग कोणता. काशिनाथ म्हणाला, मी फाट्यापर्यंतच जातो, घर कुठं बघितलंय. आणि दादा म्हनले, रंग येऊनच बघ म्हनावं.

सलीमनं सहज विचारलं, "गुरुजी, जाते कायको नै?"

आता मी सवयीनं सगळ्याला मीठमसाला लावणारा माणूस आहे, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. यापुढचं मी वाढवत नाही. वाढवायला त्यात जागा नाही.

गुरुजी म्हणाले, अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून जे पेटलं, ते त्यांच्या गावातही आलं. दिवस मावळायच्या आत त्यांची सगळी गल्ली जळाली. आई, दादा आणि गुरुजी नदीच्या कडेनं चालत निघाले.

"आई म्हनली, मागं बघू नका. मी बघितलं न्हाई. दादानं बघितलं." गुरुजी थैलीचा बंद बोटाला गुंडाळत होते. "म्हनून तो राख थंड झाल्यावर परत गेला. त्याच जोत्यावर घर बांधलं. म्हनला, गाव माझं बी हाय, मी का जाऊ? अन् मी म्हनलं, ज्या नावापायी जाळलं ते नाव लागल्याबिगर ह्या शिवंत पाय ठेवनार न्हाई. तो म्हनला, मग तू घरी येस्तोवर मी तुझ्या पाथरीला येत नसतो."

"दोघं बी जिद्दी," सलीम म्हणाला.

"दोघांचं बी बरोबर हाय," गुरुजी म्हणाले. "तिथंच तर घोळ हाय."

लाइट आली. टीव्ही आपोआप सुरू झाले. पळपुट्या घरासमोर उभा होता. सलीमनं दांडीला हात लावला नाही.

त्यानंतर सलीमनं त्या हरकतीवर वाद घालणं सोडलं. नामांतराच्या बातम्या यायच्या, विरायच्या. होणार म्हणायचे, पुढं ढकललं म्हणायचे. मोर्चे निघायचे. गुरुजी मोर्चाला जायचे आणि दुसऱ्या दिवशी घसा बसलेला असायचा, मग हरकतीही खुणेनं. दादांच्या थैल्या येत राहिल्या. निरोप तोच, कारण वेगळं. कालवडीची गाय झाली, ये. कडुलिंबाखाली ओटा बांधला, ये. तुझ्या वाटणीची खोली धान्यानं भरलीय, येऊन रिकामी कर.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात एका बाजाराच्या दिवशी काशिनाथ थैली घेऊन आला आणि काउंटरवर न ठेवता हातातच धरून उभा राहिला. गुरुजी खेळत होते. पळपुट्याला एका डुकराच्या पुढून बाजूला काढत होते.

"गुरुजी, थैली."

गुरुजींनी न बघता हात पुढं केला. थैली हातात आली आणि त्यांनी दांडी सोडली. थैली रिकामी होती. नीट घडी केलेली.

काशिनाथनं त्या दिवशी दादांचा आवाज काढला नाही. स्वतःच्याच आवाजात म्हणाला, "दादा खाटंवर हायेत. फाट्यावर पोरगं आलं होतं शेजाऱ्याचं. भरायला उठता येईना म्हने. म्हनले, रिकामी ने, पन ने."

गुरुजी उठले. रुमाल खाली पडला, तो उचलला नाही. सरळ स्टँडवर गेले. गावाकडं जाणारी गाडी लागलेली होती, इंजिन चालू होतं. मी आणि सलीम मागोमाग. गुरुजींनी दाराचा दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला.

"थांबा," काशिनाथ म्हणाला. "निरोप ऱ्हायलाय."

"गाडीत सांग."

"गाडीत चढायच्या आधी सांगायचा हाय." काशिनाथ खाली बघत होता. "दादा म्हनले, गंग्याला म्हनावं, येऊ नको. येवढी वर्सं थांबलास, माझ्या दुखन्यापायी मोडू नको. नाव लागंल, औंदा लागंल. मग ताठ मानेनं ये. मी हाय, घर हाय."

इंजिन धडधडत होतं. गुरुजींचा एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. सगळ्या दुनियेला हरकत घेणारा माणूस, आता बोट वर करेल असं मला वाटलं. वाटलं काय, मी मनात म्हणत होतो, घ्या गुरुजी, हरकत घ्या. ही एक घ्या.

गुरुजींनी पाय खाली घेतला.

त्यांनी स्टँडवरून मोसंबी घेतली, बिस्किटाचे पुडे, मेडिकलमधून ताकदीचं औषध. थैली काठोकाठ भरली. सलीमनं आपली शाल आणून वर कोंबली. काशिनाथनं थैली घेतली आणि गाडी गेली.

पुढच्या बाजाराला काशिनाथ आला तो मोकळ्या हातांनी. त्याला काही सांगावं लागलं नाही. थैली पोचली होती, म्हणाला. दादांनी उशाशी ठेवून घेतली होती. आदल्या संध्याकाळी गेले, रात्रीच मातीही झाली. लाइन बंद म्हणून फोन लागला नाही, आणि रात्री पाथरीला गाडी नाही, माणूस पाठवणार कसा.

थोरला सगळं आयुष्य ये म्हणत होता, तेव्हा गुरुजींनी ऐकलं नाही. थोरल्याचं एकदाच ऐकलं, आणि नेमकं तेच ऐकायला नको होतं. पण हे माझं मत झालं. ते मी गुरुजींना कधी बोललो नाही, आणि तेही कुणाला काही बोलले नाहीत. पार्लरला आले, स्टुलावर बसले. मी डाव लावला तर नको म्हणाले. पोरांनी एखादी चूक केली तरी बोट वर झालं नाही. हरकत गुरुजींची हरकत संपली, असं पोरं म्हणू लागली. दुकानात इतकी शांतता मला परवडणारी नव्हती. 

आणि मग महिना झाला नसेल, संक्रांतीला नाव लागलं.

त्या दिवशी पाथरीत काय झालं ते सांगायला मला वेगळं पुस्तक लागेल. रस्ता निळ्या गुलालानं असा भरला की दुसऱ्या दिवशी गावातल्या शेळ्यांच्या तोंडाला निळं लागलेलं. ढोलताशे, पेढे, माणसं रडतायत, मिठ्या मारतायत. सलीमनं रात्रंदिवस बसून निळे झेंडे शिवले होते. मीही पेढे खाल्ले. पण काही गल्ल्यांमधली दारं लावलेली होती, हेही खरं. मी सगळ्या बाजूच्या लोकांना रुपयाचा डाव विकत होतो, त्यामुळं कोणतं दार लागलंय हे मला नीट दिसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आले. नवा पांढरा शर्ट, खिशात खडू नाही. दाढी केलेली. हातात पेढ्यांचा पुडा. "जय भीम, मालक."

"जय भीम, गुरुजी."

"पळपुट्या लावता का?"

मी लावला. रंगीत टीव्हीवर. सलीमचा डाव चालू होता, तो उठून बाजूला झाला. गुरुजींनी स्टूल झटकलं, बसले. पडद्यावर बुटका माणूस घरासमोर उभा राहिला. लाल कौलं, हिरवं दार. आता हे दांडी ढकलतील, मागं वळतील, भिंतीला जाऊन भिडतील, असं आम्हाला वाटलं. गुरुजींनी दांडीला हातही लावला नाही. पळपुट्या दारासमोर उभा, घड्याळ उतरतंय. थोडा वेळ बघून ते उठले.

"ह्याला हलवू नका," म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तिथंच."

आणि स्टँडकडं निघाले. काशिनाथची गाडी लागली होती. मी मागोमाग गेलो. गुरुजी खिडकीशी बसले, पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून. थैली तिकडंच राहिली होती, दादांच्या उशाशी. मी खिडकीखाली उभा राहिलो. 

काशिनाथ तिकीट फाडत फाडत गुरुजींपर्यंत आला. त्याला काय माहीत नव्हतं? तरी त्यानं विचारलं, "कुठलं देऊ?"

इतक्या वर्षांत गुरुजींच्या तोंडून गावाचं नाव मी ऐकलं नव्हतं. ते कायम 'तिकडं' म्हणायचे.  काशिनाथ थांबला. मागची माणसं थांबली. गुरुजींनी खाकरून घसा साफ केला, बोट वर होतं की काय असं वाटलं, आणि मग त्यांनी गावाचं नाव घेतलं. दीड माणसाच्या आवाजात. सगळ्या गाडीनं ऐकलं, मीही ऐकलं.

काशिनाथनं विचारलं, "जाऊन येऊन?"

"न्हाई," गुरुजी म्हणाले. "जायचंच दे."

गाडी हलली. खिडकीतून पांढरी बाही तेवढी दिसत होती, मग तीही दिसेना. तेच शेवटचं दर्शन. गुरुजींनी गावच्या शाळेवर बदली मागून घेतली, असं पुढं काशिनाथनं सांगितलं. थैली यायची बंद झाली, कारण पाठवणारा आणि घेणारा एकाच घरात. म्हणजे एकच उरलेला. दाराचा रंग कोणता निघाला हे विचारायचं मला सुचलंच नाही, आणि काशिनाथ निवृत्त झाल्यावर विचारायला कुणी उरलं नाही.

मी दुकानात परत आलो. पडद्यावर घड्याळ शून्यावर आलेलं, पळपुट्या दारासमोर आडवा. दोन जीव शिल्लक. तो उभा राहिला, पुन्हा घड्याळ सुरू. गिऱ्हाईकं खोळंबलेली. मी दांडीकडं हात नेला तर सलीमनं धरला.

"रहने दो, सेठ. खडा रहने दो."

मग मी त्याला उभाच ठेवला. तीन जीव संपले की पुन्हा तीन. संध्याकाळपर्यंत रंगीत टीव्हीवर कुणी खेळलं नाही. मी समोर बसून त्या हिरव्या दाराकडं बघत होतो. इतकी वर्षं तो खेळ चालवला, पण नीट बघितलं ते त्या दिवशी. ते दार नुसतं रंगवलेलं होतं. ते उघडायची सोय खेळ करणाऱ्यानं केलेलीच नव्हती.

याला मात्र माझी हरकत आहे.